मैदानाच्या कडेला कोण बसलंय?



दिवाळीनंतर शाळेचं दुसरं सत्र सुरू झालं आणि आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर पालकांची बैठक बसली. विषय एकच होता. तिसरीच्या वर्गाचा खेळ आणि उपक्रमांचा तास बंद करावा, त्या वेळात गणित आणि इंग्रजी शिकवावं, असं निवेदन मुख्याध्यापकांना द्यायचं. कागद लिहून तयार होता. पंधरा-वीस सह्याही झाल्या होत्या. एक दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही नर्स आहात म्हणून भरोसा ठेवला. खेळापायीच पोरगी दवाखान्यात गेली ना जी?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यांचं बोलणं अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख लिहिते आहे.

मी जी.एन.एम. झालेली परिचारिका. चौदा वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच मुलांच्या वॉर्डात. नोकरी सोडल्यापासून वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. नागपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंनी मला उन्हाळ्यातच विचारलं होतं, "या सत्रात पोरांना खेळ आणि खेळातून अभ्यास असं काही नेमाने करायचं आहे. याल का?" विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. शाळा उघडल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी दर मंगळवारी दुपारी आणि शनिवारी सकाळी त्या वर्गात गेले. पटावर ३१ मुलं होती.

आम्ही काही मोठं केलं नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची उंची भिंतीवर खडूने मांडली, वजन घेतलं, उभ्या उभ्या मारलेली लांब उडी फूटपट्टीने मोजली आणि सगळं चौकटीच्या वहीत लिहायला लावलं. लंगडी, लगोरी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, रिंग फेकणं हे खेळ ठेवले. एकालाही खर्च नाही. मग मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी कशी बघायची ते शिकवलं. पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचं. बसलेल्या आठ वर्षांच्या लेकराची नाडी मिनिटाला साधारण ७० ते ११० असते. मैदानाला एक फेरी मारून आलं की ती दीडशेच्या आसपास जाते आणि थोड्या वेळात परत खाली येते. चाराचा पाढा ज्यांना फळ्यावर येत नव्हता त्यांना तो स्वतःच्या मनगटावर आला, हे मी नव्हे, बाईंनी मला सांगितलं.

पण या लेखाचा विषय पाढा नाही. मैदानाने मला जे दाखवलं ते सांगायचं आहे.

पहिली गोष्ट दुसऱ्याच शनिवारी दिसली. शनिवारची शाळा सकाळची. कवायत सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच एक मुलगा मटकन खाली बसला, मग दुसरी मुलगी. विचारलं, काय खाऊन आलात? कोणी कोरा चहा पिऊन आलेलं, कोणी काहीच नाही. आई सकाळी सहालाच कामाला निघते, रात्रीची भाकर उरली तर उरली. शाळेत जे शिजतं ते शाळा सुटायच्या वेळेला मिळतं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देण्याचा नियम आहे, तो चांगलाच आहे. पण शनिवारी आधी पळवायचं आणि नंतर जेवू घालायचं, हा क्रम उलटा झाला. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बायांशी बोललो. त्या शुक्रवारी संध्याकाळी हरभरे भिजत घालू लागल्या. हरभरा आणि गुळाचा पैसा विहाराच्या दानपेटीतून निघाला. शनिवारी आल्या आल्या मूठभर उकडलेले हरभरे, गुळाचा खडा, मग अर्ध्या तासाने खेळ. त्यानंतर चक्कर येऊन कोणी बसलं नाही.

दुसरी गोष्ट एका मुलाची. त्याच्याकडे चेंडू फेकला की त्याचे हात नेहमी उशिरा वर यायचे. पोरं हसायची. वर्गात तो 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसलेला. मी त्याला दहा पावलांवर उभं करून बोटं दाखवली. तीन दाखवली तर दोन म्हणाला, एक दाखवलं तर 'दिसत नाही' म्हणाला. त्याला लांबचं दिसतच नव्हतं. चष्मा लागला. दोन वर्षं तो फळ्याकडे बघत होता आणि त्याला फळा दिसत नव्हता. हे वर्गात बसून कोणाला कळलं नाही, चेंडूने कळलं.

आणि आता ती मुलगी.

ती कधीच खेळायची नाही. पहिल्या दिवसापासून मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसून असायची. बोलावलं की म्हणायची, "पाय दुखतेत." जबरदस्तीने उठवलं तर दोन मिनिटं खेळून परत जाऊन बसायची. आधीच्या वर्गात तिच्या नावापुढे 'कामचोर' हा शिक्का बसलेला होता. आई म्हणाली, "तिले लहानपणापासून सवयच आहे दुखते म्हणायची." आणि मी? चौदा वर्षं मुलांच्या उशाशी काढलेली बाई मी. मीही तिला म्हणाले, "ऊठ, आळस करू नको."

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी पावसाची सर आली. पोरं आनंदाने ओरडली. मी म्हटलं, भिजू द्या पाच मिनिटं. त्या दिवशी तीही कडुनिंबाखालून उठून आली, नाचली, पळाली. मला बरं वाटलं. त्याच रात्री तिचे हातपाय एवढे दुखायला लागले की तिला अंथरुणावर हात लावू देईना. सकाळी ताप आला. डोळे पिवळट दिसले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यात रक्त तपासलं. सिकलसेल, आणि तोही वाहक नव्हे, पूर्ण रुग्ण. हिमोग्लोबिन सातच्या आत होतं. या वयाच्या मुलांमध्ये ते निदान साडेअकरा हवं.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल नवा नाही. आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कितीतरी घरांत एखादा तरी वाहक सापडेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे कळ येते. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, अंग भिजलं, ताप आला, फार दमणूक झाली की हा त्रास उफाळतो. तिला लहानपणापासूनची दुखायची 'सवय' नव्हती, लहानपणापासूनचा आजार होता. आणि ज्या दिवशी मी तिला पावसात नाचताना बघून खूश झाले, त्या दिवशी मी तिला भट्टीत लोटलं होतं.

म्हणून म्हणते, त्या दादांचं अर्धं खरं. त्या दिवशीच्या खेळाने ती दवाखान्यात गेली. ती चूक माझी होती. बैठकीत हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, इथेही लिहिते.

पण खेळाचा तास नसता तर काय झालं असतं? आजार तर होताच. ती वर्गात कोपऱ्यात बसली असती, तिचं दुखणं कोणाला दिसलं नसतं, आणि एखाद्या थंडीत, एखाद्या तापात ती माझ्यासारख्याच कुठल्या नर्सच्या वॉर्डात फार उशिरा पोचली असती. असे पोचलेले मी बघितले आहेत. त्यातले सगळे घरी परत गेले नाहीत. खेळाने तिला आजार दिला नाही, तिचा आजार खेळाने उघडा पाडला. उघडा पडायची किंमत तिने का मोजावी, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारला पाहिजे. शाळा उघडताच सगळ्या वर्गाची तपासणी झाली असती तर ती मोजावी लागली नसती.

आणि ही तपासणी काही अवघड नाही. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यात जन्मापासून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे. बोटातून एक थेंब रक्त घेऊन पहिली चाचणी होते. त्यात शंका आली तर पुढची पक्की चाचणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. पण पथक आलं त्या दिवशी लेकरू गैरहजर असलं, किंवा तपासून लिहिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळली, की विषय संपतो. पथकाने काय सांगितलं, ते पालकांनी शाळेत जाऊन विचारायचं असतं. आपल्यापैकी किती जण विचारतात?

मला माहीत आहे, आपल्या समाजात खेळाबद्दल एक धास्ती आहे. ती कुठून आली तेही माहीत आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितलं. आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला शिकवलं. माझं स्वतःचं नर्सिंगचं शिक्षण आईने वीटभट्टीवर काम करून केलं. त्यामुळे पोरगं मैदानात दिसलं की आपल्या पोटात गोळा येतो, पुस्तकातला वेळ वाया चालला असं वाटतं. बैठकीत एक ताई म्हणाल्या, "खेळून का होते? साहेब होते का?" त्यांचा राग मला कळतो. शिकलेल्या पोरांची पोरं मैदानावर प्रशिक्षक लावून खेळतात आणि आमच्या पोरांना मात्र खेळाच्या नावाखाली मोकळं सोडून दिलं जातं, हेही त्यांनी बघितलं आहे. मोकळं सोडणं आणि खेळवणं यांत फरक आहे, तो पुढे सांगते.

पण ज्या पोराला दिसत नाही, ज्या पोरीच्या रक्तात सात हिमोग्लोबिन आहे, जे लेकरू उपाशीपोटी बाकावर बसलं आहे, त्याला आणखी एक तास गणित शिकवून काय होणार? बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की तहानलेलं राहावं लागायचं. तहानलेलं शरीर घेऊन शिकणं काय असतं ते त्यांनी भोगलं होतं. शिकायचं असेल तर शरीरही धड लागतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास तरी अंग हलवावं. आपल्या लेकरांचा हा तास शाळेतच भरू शकतो. घरी दहा बाय दहाची खोली आहे आणि बाहेर रस्ता.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. मैदानाच्या कडेला आम्ही झाकणाचा माठ आणि लांब दांड्याचा ओगराळा ठेवला, आणि पाणी वाढायची पाळी रोज वेगळ्या मुलाची. आरोग्याच्या दृष्टीने यात जुलाब टळतात. दुसरंही काही टळतं. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू हे १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय क्रिकेट संघाचे गोलंदाज होते, त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्याआधी पुण्यात त्यांच्याच संघातले लोक मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू घ्यायचे, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते, तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तरी मैदान कोणाला आत घेतं आणि कोणाला कडेला बसवतं, हा प्रश्न त्यांच्या चहाच्या भांड्यात आजही दिसतो.

म्हणून स्पर्धांबद्दलही थोडं कडक बोलते. बऱ्याच शाळांत खेळ म्हणजे केंद्रस्तरावर जाणारा संघ. वर्गातली दहा-बारा चपळ मुलं निवडली जातात, त्यांचा सराव चालतो, बाकीची टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत कोण असतं? उपाशी असलेलं, न दिसणारं, रक्त कमी असलेलं, पायात चप्पल नसलेलं. ज्यांना खेळाची सगळ्यात जास्त गरज, तेच बाहेर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावं असं लिहिलं आहे, आणि खेळाचं साहित्य प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे मिळावं असंही लिहिलं आहे. प्रत्येक वर्गाला म्हणजे अख्ख्या वर्गाला. कायद्यात 'निवडक दहा जणांना' असं कुठे नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं थोडक्यात मांडते.

शाळेने सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि नजर बघून घ्यावी, सिकलसेल आणि हिमोग्लोबिनसाठी आरोग्य केंद्राला लेखी बोलवावं. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत मिळते, ती शिक्षकांसमोर चावून खायची. अनवाणी पायांतून आकड्यासारखे जंत शिरतात आणि रक्त पितात, म्हणून मैदानावर चप्पल हवीच. पहिली ते पाचवीच्या मुलांना आठवड्याला एकदा लोहाची गुलाबी गोळी असते. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. लिंबू, आवळा, पेरू सोबत असला तर लोह चांगलं लागतं. मात्र सिकलसेल असलेल्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

सिकलसेलच्या मुलाला खेळू द्यावं. हे मी ठासून सांगते, कारण निदान झाल्यावर त्याला कायमचं कडेला बसवणं ही दुसरी चूक असते. त्याला पाण्याची बाटली हाताशी हवी. मधल्या मधल्या सुट्टीत लघवीला जाऊ द्यावं, या मुलांना वारंवार लागते. भिजू देऊ नये, भर उन्हात पळवू नये, दमलो म्हणालं की त्याच क्षणी थांबू द्यावं. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला तर कोणत्याच लेकराला लावू नये. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, पोट डाव्या बाजूला फुगणं, हातापायातली शक्ती जाणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आणि आईबापांनो, लाज वाटून लपवू नका. त्या मुलीच्या आईने मला पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. "आता हिचं लग्न कसं होईल?" हा होता. आई आणि बाप दोघेही वाहक निघाले. दोघे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा मूल रुग्ण होण्याची शक्यता असते. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, आणि यात कोणाचा दोष नाही, कुठल्या जन्माचं पापही नाही. कारण शोधा, कारण दूर करा, ही आपली शिकवण आहे. तिच्या धाकट्या भावाचीही तपासणी झाली. तो वाहक आहे, रुग्ण नाही.

ती पोळ्यानंतर शाळेत परत आली. औषध चालू आहे, महिन्याला तपासायला जाते. कडुनिंबाखाली अजूनही बसते, पण आता तिच्या हातात घड्याळ असतं. बाकीच्यांची नाडी तीच मोजून घेते, आणि रिंग फेकायला उठते. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही शेवटचा दिवस ठेवला. पहिला-दुसरा नंबर नव्हता. प्रत्येकाने जुलैतली आपली उडी वहीत बघितली आणि पुन्हा उडी मारली. ३१ पैकी २७ जणांची उडी वाढली. तिची वाढली नाही, जेवढी होती तेवढीच राहिली. तिने ती वहीत लिहिली आणि खाली स्वतःची नाडीही लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं.

निवेदनाचा कागद अजून समितीच्या फायलीत आहे. पुढच्या रविवारी त्यावर निर्णय आहे. ज्यांनी सही केली त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना एवढीच विनंती आहे की त्याआधी येत्या शनिवारी सकाळी शाळेत या. पंधरा मिनिटं मैदानाकडे बघा. पळणाऱ्यांकडे नका बघू, कडेला कोण बसलंय ते बघा, आणि जवळ जाऊन विचारा, "काय दुखतं रे बाळा?" मग सही ठेवायची की काढायची ते तुम्ही ठरवा.

जयभीम.